फुकटचं अर्पण

आजचा शास्त्रभाग: २ शमुवेल २४:१८-२५

अरवना यबूसी दावीद राजाला खळं, बैल, लाकूड सगळं फुकट द्यायला तयार होता. दाविदाने तरी ५० शेकेल चांदी मोजली. स्वतःला काही पडलं नाही, असं अर्पण त्याला देवापुढे न्यायचं नव्हतं.

जळगावला आमची मंडळी घरोघरची रद्दी विकते. ते पैसे खान्देशातून मुलांना उपचारासाठी मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला नेणाऱ्या कुटुंबांना जातात. मीही दोन गठ्ठे दिले. खरं सांगू? अडगळ गेली म्हणून बरं वाटलं.

मग धुळ्याच्या एका ताईंशी फोनवर बोललो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरल्या आहेत. पोराची केमो अजून काही महिने चालेल. विचारलं, काय पाठवू?

"भाऊ, पैसे मिळाले. कोणी दोन दिवस याच्याजवळ थांबलं असतं, तर धाकटीला बघून आले असते."

प्रभूने पाच हजारांच्या जेवणानंतर उरलेले तुकडेही गोळा करायला लावले (योहान ६:१२). म्हणून रद्दीला मी कमी लेखत नाही. पण माझ्या सुट्ट्या शिल्लक होत्या, आणि मी म्हणालो, "बघतो, कळवतो."

आज चौथा दिवस. अजून कळवलेलं नाही.