घासलेला चेंडू

हत्याराची निगा राखणे हा सद्गुणच होय, याविषयी सहसा दुमत नसते. सुतार रंधा पाजळतो, न्हावी वस्तरा परजतो. त्यांस कोणी बोल लावीत नाही. परंतु निगा कोठे संपते आणि कपट कोठे सुरू होते, हे ठरविण्याची वेळ आली म्हणजे विचार अडखळतो. अमेरिकेत रुजलेल्या टेनपिन बोलिंग या खेळात हा प्रश्न फार नेमकेपणाने उभा राहिलेला दिसतो.

खेळ वरकरणी सोपा. साठ फुटांच्या पट्टीवरून फार तर 16 पौंडांचा चेंडू घरंगळत सोडावयाचा आणि पलीकडच्या दहा खुंट्या पाडावयाच्या. पण पट्टीच्या बऱ्याच भागावर तेलाचा पातळ थर दिलेला असतो. चेंडू त्यावरून निसटतो, पुढे कोरड्या जागी पकड घेतो आणि वळतो. 1990 नंतरच्या काळात प्रचारात आलेल्या कृत्रिम राळेच्या चेंडूंस सूक्ष्म छिद्रे असतात. ती तेल पितात. डावामागून डाव होतात तसतसे कवच गुळगुळीत होते, वळण मंदावते, आणि चेंडू मेला असे खेळाडू म्हणू लागतात. मग त्यास कोमट पाण्याने धुणे, ऊब देऊन मुरलेले तेल काढणे, खरखरीत चकतीने घासणे, असे उपचार होतात. सामन्यापूर्वी हे घासणे शिष्टसंमत. सामना सुरू झाल्यावर तोच हात, तीच चकती, तोच चेंडू. आणि कृत्य मात्र नियमबाह्य!

मूळ रूप परत आणणे ती निगा, नवे रूप देणे ते कपट, असा निवाडा चटकन सुचतो. 1973 साली डॉन मॅक्यून या व्यावसायिक खेळाडूने प्लॅस्टिकचे चेंडू द्रावकात भिजवून त्यांचे कवच मऊ केले आणि तो त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. काठिण्याची किमान मर्यादा नंतर आली. त्याने चेंडूस नवे रूप दिले खरे, पण त्यास कपटी म्हणावयास आम्ही धजत नाही. नियम मोडलाच नव्हता. शिवाय कारखान्याने दिलेली झिलई बदलून आपल्या सोयीचा खरखरीतपणा आणणे आजही सर्रास चालते. तेव्हा हा निवाडा टिकत नाही.

आम्हांस वाटते, प्रश्न चेंडूचा नसून प्रतिपक्षाच्या संमतीचा आहे. सामन्यापूर्वी प्रत्येकाने आपापला चेंडू हवा तसा सिद्ध करावा, हे दोघांस ठाऊक असते. एकदा सुरुवात झाली की जे आणले तेच दोघांत ठरलेले. (आपली लेखणी घरी हवी तशी झिलावी, सही झालेल्या टिपणीवर मग हात फिरवू नये, हे आपल्या वाचकांस आम्ही काय सांगावे?)

क्रिकेटमध्ये तर चेंडू दोन्ही पक्षांचा, म्हणून तेथे घासकागद केव्हाही निषिद्ध. मार्च 2018 मध्ये केपटाउनला ऑस्ट्रेलियाच्या बॅन्क्रॉफ्टने तो विजारीत लपविला. लपवावा लागला, यातच त्याचा निकाल होता. उलट चेंडूची एक बाजू विजारीवर घासून चकचकीत ठेवणे, म्हणजे वस्तुतः त्याचे रूप बदलणेच, पंचांच्या डोळ्यांदेखत चालते. आंतरराष्ट्रीय सामन्यांत थुंकीला 2020 साली साथीमुळे बंदी झाली, 2022 साली ती कायम झाली. घामाला मात्र कोणी हरकत घेतली नाही.