मात्सुमोतोच्या बेस गिटारी आणि अस्सलपणाचा प्रश्न

जपानमधील नागानो प्रांतात, डोंगरांनी वेढलेले मात्सुमोतो नावाचे शहर आहे. गेल्या शतकाच्या साठच्या दशकापासून या शहरातून आणि आसपासच्या गावांतून इलेक्ट्रिक गिटारी बोटी भरभरून जगभर गेल्या. त्यांतल्या चार तारांच्या बेस गिटारींचा संग्राहक आज कसून शोध घेतात. वाद्य हाती लागणे हा त्यातला सोपा भाग. ते कोणत्या कारखान्यात आणि कोणत्या साली झाले, त्यात मूळचे किती उरले आहे, हे ठरवायला बसले की संग्राहकाची गाठ एका फार जुन्या प्रश्नाशी पडते. एखादी वस्तू अस्सल आहे, 'तीच' आहे, असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो? नावाच्या, द्रव्याच्या, आकाराच्या, की घडवणाऱ्या हाताच्या?

सर्वांत जास्त गोंधळ नावाचा आहे. या गिटारींच्या शेंड्यावर, म्हणजे खुंट्या बसवलेल्या हेडस्टॉकवर, जे नाव दिसते ते बहुधा व्यापाऱ्याचे असते. इबानेझ हे नाव नागोयाच्या होशिनो गाक्कीचे, ग्रेको कांडा शोकाईचे, आरिया हे नागोयाच्याच अराई कंपनीचे. वाद्ये मात्र घडत ती फुजिगेन किंवा मात्सुमोकु यांसारख्या कारखान्यांत. फुजिगेन १९६० साली मात्सुमोतोत सुरू झाला. मात्सुमोकु मुळात लाकूडकामाचा कारखाना. सिंगरच्या शिलाई मशीनची लाकडी कॅबिनेटे तिथे बनत. तेच कसब पुढे गिटारीकडे वळले, आणि एकाच छपराखालून आरिया प्रो टू, वेस्टोन, इलेक्ट्रा, एपिफोन, वॉशबर्न अशी वेगवेगळ्या नावांची वाद्ये बाहेर पडू लागली. अमेरिका आणि युरोपातले आयातदार आपापले नाव छापून घेत. म्हणून दोन वेगळ्या नावांच्या गिटारी सख्ख्या बहिणी असू शकतात, आणि एकाच नावाच्या दोन गिटारी एकमेकींच्या कोणीच नसतात.

नावाला अर्थ किती, हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका संवादात फार नेटकेपणाने हाताळला आहे. ज्या मिलिंद राजाच्या नावाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला महाविद्यालय उभे केले, तो ग्रीक राजा आणि भिक्खू नागसेन यांच्यातला हा संवाद. राजा रथात बसून आलेला असतो. नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे आस का? चाके का? जू का? या सगळ्यांपासून वेगळे असे काही रथ म्हणून आहे का? राजा प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत जातो आणि शेवटी कबूल करतो की, या सर्व अवयवांच्या आधाराने 'रथ' हे नाव व्यवहारात चालते, इतकेच. नागसेन त्याला शाबासकी देतो.

हा संवाद अर्धाच लक्षात ठेवण्याची चूक सहज होते. रथ नाहीच, असे नागसेन म्हणत नाही. रथाच्या आत दडलेला कोणी 'रथात्मा' नाही, असे तो म्हणतो. नाव हा माणसामाणसांतला करार आहे, आणि करार म्हटला की तो पाळण्याची जबाबदारी येते. जुन्या जपानी बेस गिटारींच्या बाबतीत नीती नेमकी इथे शिरते.

नावावर विसंबता येत नसल्यामुळे वाद्य उघडावे लागते. आधी तारा सैल करायच्या. मग पाठीवरच्या चौकोनी पत्र्याचे चार स्क्रू सोडवायचे आणि नेक, म्हणजे वाद्याची मान, हलक्या हाताने बाहेर काढायची. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या अनेक गिटारींच्या या पत्र्यावर नंबर नसतो. 'स्टील अ‍ॅडजस्टेबल नेक' आणि 'मेड इन जपान' एवढेच कोरलेले असते. नेक निघाली की बॉडीतली खाच उघडी पडते. रंग तिथे पुरता पोचलेला नसतो, त्यामुळे लाकूड दिसते. प्लायवूड असेल तर थर मोजता येतात. सलग लाकूड असेल आणि रेषा अ‍ॅशसारख्या वाटल्या, तरी ते पुष्कळदा सेन असते. जपानी कारखाने अ‍ॅशच्या जागी हे तिकडचे झाड सर्रास वापरत. कधी खाचेत शाईचा शिक्का सापडतो, कधी नेकच्या टाचेवर पेन्सिलीने लिहिलेला आकडा. तारांचे कंपन टिपणारा पिकअप उचलून पाहिला तर पाठीवर मॅक्सन या पिकअप-ब्रँडची खूण आणि तारखेचा संकेत मिळू शकतो. इबानेझच्या नंबरात १९७५च्या अखेरीपासून पहिले अक्षर महिन्याचे आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे असत. 'ए' म्हणजे जानेवारी, 'एल' म्हणजे डिसेंबर. नंबर 'ई ७७' असा सुरू होत असेल, तर ती गिटार मे १९७७ची.

यातला कोणताही एक पुरावा एकट्याने पुरेसा नसतो. पत्रा चार स्क्रूंनी बसतो, म्हणजे चार स्क्रूंनी बदलताही येतो. नेक दुसऱ्याच गिटारीची असू शकते. न्यायशास्त्राने ज्ञानाची चार प्रमाणे मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. वाद्य उघडलेल्या टेबलावर ही चारही हजर असतात. खाचेतले लाकूड हे प्रत्यक्ष. त्यावरून कारखाना ठरवणे हे अनुमान. मूळ ठाऊक असलेल्या दुसऱ्या वाद्याशी साम्य जुळवून पाहणे, हे उपमानाच्या जवळ जाणारे. जुने कॅटलॉग आणि हेडस्टॉकवरचा लोगो हा शब्द. मात्र शब्द प्रमाण ठरायला तो आप्ताचा, म्हणजे विषय जाणणाऱ्या आणि खरे सांगणाऱ्या माणसाचा असावा लागतो, अशी नैयायिकांची अट आहे. व्यापाऱ्याने छापलेला लोगो ही अट पुरी करत नाही. जाणते संग्राहक लोगो शेवटी वाचतात, ते याचसाठी.

आता नकलेचा प्रश्न. या गिटारींपैकी पुष्कळ उघड उघड नकला होत्या. लिओ फेंडरने कॅलिफोर्नियात १९५१ साली प्रिसिजन बेस आणली, १९६० मध्ये जॅझ बेस आली, आणि सत्तरच्या दशकात जपानी कारखान्यांनी दोहोंचे आकार जसेच्या तसे उचलले. हामामात्सुच्या तोकाई कंपनीची 'हार्ड पंचर' ही प्रिसिजन बेसचीच आवृत्ती होती. २८ जून १९७७ रोजी गिब्सनची मालक असलेल्या नॉर्लिन कंपनीने इबानेझच्या अमेरिकेतील वितरकावर, एल्गर कंपनीवर, फिलाडेल्फियाच्या न्यायालयात दावा लावला. वाद होता हेडस्टॉकच्या आकाराचा. १९७८ मध्ये तो आपसात मिटला. एवढ्या मर्यादित दाव्यावरून आज सत्तरच्या दशकातल्या कोणत्याही जपानी नकलेला 'लॉसूट', म्हणजे दाव्यातली गिटार, म्हणून विकले जाते. त्यातल्या बहुतेक गिटारींचा त्या दाव्याशी काडीचाही संबंध नव्हता. वाद्य खरे असते. त्याच्या गळ्यात अडकवलेली कथा खोटी असते.

पुढे जे घडले ते नकलेच्या कोणत्याही सोप्या व्याख्येला पेचात पकडणारे आहे. १९६५ साली फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीच्या ताब्यात गेली, आणि सत्तरच्या दशकात तिच्या मालाचा दर्जा घसरल्याची ओरड होऊ लागली. जपानी नकला स्वस्त होत्याच, आता त्या चांगल्याही होत्या. १९८२ मध्ये फेंडरने कांडा शोकाई आणि यामानो गाक्की या जपानी कंपन्यांबरोबर फेंडर जपान ही कंपनी काढली आणि वाद्ये घडवण्याचे काम दिले फुजिगेनला. ग्रेकोच्या नावाने नकला करणाऱ्या त्याच कारखान्यातून आता परवान्यासह फेंडर बाहेर पडू लागल्या. 'जेव्ही' या अक्षरांनी सुरू होणारे नंबर असलेल्या त्या पहिल्या काही वर्षांतल्या गिटारींसाठी संग्राहक आज जीव टाकतात. १९८५ मध्ये सीबीएसने फेंडर विकली, पण फेंडरचा फुलर्टन येथील जुना कारखाना त्या व्यवहारात नव्हता. कोरोना या गावी नवा कारखाना उभा राहीपर्यंत फेंडरची मुख्य भिस्त जपानवरच होती.

कारखाना तोच, कसब तेच. बदलला तो परवाना. परवान्याने वस्तू कायदेशीर होते, आणि कायद्याला आपले महत्त्व आहे. दुसऱ्याच्या कल्पनेवर विनापरवाना धंदा करणे हा अन्याय आहे, हे मान्य करायलाच हवे. पण परवाना मिळाल्याने लाकडात किंवा आवाजात गुण उतरत नाही, आणि नसल्याने तो नाहीसा होत नाही. नकलेतून शिकलेले हात पुढे स्वतःची वाटही काढतात. मात्सुमोकुत झालेली आरिया प्रो टू एसबी-१००० पाहावी. तिची नेक बॉडीला स्क्रूंनी जोडलेली नाही. मेपल आणि अक्रोडाच्या पट्ट्या एकत्र चिकटवून केलेली ती नेक शेंड्यापासून बुडापर्यंत सलग जाते, आणि बॉडीचे दोन पंख तिला बाजूंनी जोडलेले असतात. पिकअप एकच, आवाजाचा पोत बदलायला सहा जागांवर थांबणारे फिरते बटण. मेटॅलिका बँडच्या क्लिफ बर्टनने या मालिकेतली बेस वाजवली, ड्युरान ड्युरान बँडच्या जॉन टेलरनेही. तिला कोणाचीही नक्कल म्हणता येणार नाही.

अस्सलपणा द्रव्यात असतो, असे ज्यांना वाटते त्यांना जपानचेच एक मंदिर उत्तर देते. इसे येथील शिंतो मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधले जाते. पहिले नूतनीकरण ६९० साली झाले, बासष्टावे २०१३ मध्ये. देवाची वस्त्रे, शस्त्रे, पेट्या अशा १,५७६ वस्तूही पुन्हा घडवल्या जातात. आजच्या इमारतीत सातव्या शतकातला एकही खांब नाही, तरी ते मंदिर तेच आहे याबद्दल भाविकांच्या मनात शंका नसते. त्यासाठी लागणारे हिनोकी वृक्षांचे लाकूड मुख्यतः येते किसोच्या जंगलांतून, आणि किसोचे खोरे त्याच नागानो प्रांतात आहे ज्यात मात्सुमोतो आहे. १९९४ मध्ये नारा येथे जमलेल्या तज्ज्ञांनी वारसा जतनाविषयी जो मसुदा तयार केला, त्यात मूळ द्रव्याबरोबर रूप, वापर, परंपरा, तंत्र आणि भाव यांनाही अस्सलपणाची साक्ष मानले आहे.

मग संग्राहकांनी जुन्या गिटारींचा आग्रह सोडावा का? फुजिगेन आजही नागानोत गिटारी बनवते; जुन्या आकाराची नवी घेतली तर बिघडले कुठे? फुजिगेनपुरते बोलायचे तर बिघडले काहीच नाही. परंतु इसेचे तत्त्व एका अटीवर उभे आहे. वीस वर्षांच्या अंतरामुळे म्हातारा सुतार तरुणाला शेजारी उभा करून शिकवू शकतो, आणि हातातले कसब पुढच्या हातात जाते. मात्सुमोकु १९८७ मध्ये बंद झाला. तिथली साखळी तुटली. कारागिरांची नावे कोणत्याही हेडस्टॉकवर नाहीत. त्यांनी काय केले आणि कसे केले, याची साक्ष आता त्या वाद्यांखेरीज फारशी कोणी देणार नाही. परंपरा जिवंत असेल तिथे द्रव्य बदलले तरी चालते. परंपरा संपली असेल तिथे द्रव्यच सांभाळावे लागते.

सांभाळायचे म्हणजे काय, हाही साधा प्रश्न नाही. थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने थिसियसच्या जहाजाच्या जुन्या ग्रीक कोड्यात १६५५ साली एक भर घातली. जहाजाची एकेक फळी बदलत सगळे जहाज नवे झाले, आणि काढलेल्या फळ्या जपून कोणी त्याच क्रमाने दुसरे जहाज जोडले, तर थिसियसचे जहाज कोणते? गिटारींच्या बाजारात हे कोडे रोज घडते. चांगली गिटार सुटी केली की नेक एकाला, बॉडी दुसऱ्याला, पिकअप तिसऱ्याला जातात, कारण तुकड्यांचे पैसे अख्ख्या वाद्यापेक्षा जास्त येतात. वादकांनी गरजेपोटी केलेले बदल वेगळे. फ्रेट झिजतात, बटणे खरखरतात, ती बदलावीच लागतात. जोडलेली गिटारही चांगली वाजते, आणि तिला जोडलेली म्हटले की कोडे उरत नाही. कोणते जहाज खरे, हे ठरले नाही तरी चालेल. कोणती फळी कुठून आली, हे मात्र सांगितलेच पाहिजे.

या सगळ्यात खरे पाप एकच आहे. जुन्या ग्रेकोच्या किंवा तोकाईच्या शेंड्यावरचे नाव घासून काढायचे, तिथे फेंडरचा लोगो चिकटवायचा आणि अमेरिकन म्हणून विकायची. ग्रेको म्हणून ती गिटार नक्कल होती, पण खोटी नव्हती. शेंड्यावर स्वतःचे नाव उघड मिरवत होती. लोगो बदलताच ती बनावट झाली, आणि लाकडाचा एक कणही न बदलता झाली. म्हणजे खोटेपणा वस्तूत नसतो, वस्तूविषयी केलेल्या विधानात असतो. नागसेनाने नावाला करार ठरवले. हा करार मोडणारा माणूस ग्राहकाला फसवतो आणि मात्सुमोतोच्या किंवा हामामात्सुच्या अनाम कारागिराचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर टाकतो. दुसरा अपराध पहिल्याइतकाच मोठा आहे.

इसेच्या परंपरेतही खंड पडला होता. पंधराव्या आणि सोळाव्या शतकांतल्या यादवीत सुमारे १२० वर्षे मंदिर रीतीप्रमाणे बांधले गेले नाही. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा मागे पाहायला ८०४ सालापासूनच्या लेखी नोंदी होत्या. गिटारींच्या बाबतीत अशा नोंदी करणारे कोणी सरकार किंवा मठ नाही. ते काम ज्याच्या घरी वाद्य आहे त्यालाच करावे लागेल. तेव्हा ज्यांच्याकडे अशी जुनी जपानी बेस गिटार असेल, त्यांनी दुरुस्तीसाठी नेक निघेल तेव्हा आतल्या खाचेचे, शिक्क्यांचे, पिकअपच्या पाठीचे फोटो काढून ठेवावेत. बदललेले स्क्रू, बटणे, पिकअप फेकू नयेत, केसमध्येच जपावेत. विकताना काय मूळचे आणि काय नंतरचे, याची यादी नव्या मालकाच्या हाती द्यावी. आणि एवढे करूनही कारखाना ठरत नसेल, तर भाव कमी आला तरी चालेल, 'कारखाना अज्ञात' असेच लिहावे.