दोन घरांचे लेकरू

आपल्याकडे म्हण आहे की, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. पहिल्या घरास वाटते, हा दुसरीकडे जेवून आला. दुसऱ्या घरास वाटते, ह्यास तिकडे वाढले असेलच. आणि बिचारा पाहुणा रिकाम्या पोटी निजतो. ज्या लेकराचे आईबाप निरनिराळ्या प्रांतांचे, भाषांचे अथवा देशांचे आहेत त्याच्या संबंधाने ही म्हण आमच्या मंडळ्यांत पुष्कळदा ऐकू येते. वडील माणसे विचारतात, हे लेकरू अखेर कोणाचे? ह्यास एकच भाषा, एकच रीत शिकविणे बरे नव्हे काय? हा प्रश्न पूर्वी शहरांपुरता होता. आता तो खेड्यांतील घरांपर्यंत आला आहे. म्हणून त्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पुण्याहून आळंदीस जाणाऱ्या रस्त्यावर विश्रांतवाडी आहे. दरवर्षी ज्ञानेश्वरांची पालखी ह्याच वाटेने पुण्यास येते. जवळच लोहगावचा विमानतळ आहे, दिघीची लष्करी वस्ती आहे, आणि खडकीस १८६९ सालापासूनचा दारूगोळ्याचा कारखाना आहे. अशा ठिकाणी नाना प्रांतांची माणसे शेजारी राहतात, एका मंदिरात उपासनेस बसतात, आणि त्यांच्या मुलामुलींची लग्नेही जुळतात. वाचकांनी असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. बाप अहिल्यानगर जिल्ह्यातील एका खेड्यातल्या उपदेशकाचा मुलगा. आई दूरच्या मिझोरामची. एकाच्या प्रांतात अमेरिकन मिशनरी १८१३ साली आले, दुसरीच्या डोंगरांत इंग्रज मिशनरी १८९४ साली पोहोचले. प्रभु दोघांचा एकच आहे. परंतु पाळण्याची गीते दोन आहेत.

लेकरू जन्मास येताच प्रश्न उभे राहतात. आमच्याकडे बाळाच्या नावापुढे बापाचे नाव व आडनाव लागते; मिझो लोकांत आडनाव बहुधा नसतेच, आणि मुलाचे नाव ‘आ’कारान्त व मुलीचे ‘ई’कारान्त असते. इकडची आजी म्हणते, बाळास पाळण्यात निजवा. तिकडची आजी म्हणते, ‘पुआन’ नावाच्या वस्त्राने पाठीशी बांधा, म्हणजे घरकाम करतानाही ते आईच्या उबेत राहील. एकीस टाळूवर तेल हवे, दुसरीस नको. आईबाप आपसांत हिंदी किंवा इंग्रजी बोलतात, कारण दोघांस एकमेकांची भाषा पुरती येत नाही. मग भांडण नको म्हणून लेकराशीही तेच बोलू लागतात. येथेच म्हण खरी होते. बाप म्हणतो, मराठी त्यास शेजारी मिळेल. आई म्हणते, मिझो ते आजोळी शिकेल. आणि लेकरू दोन्ही आज्यांपुढे मुके होऊन उभे राहते.

दोन भाषांनी बालकाच्या बुद्धीचा गोंधळ होतो ही समजूत खरी नाही. ज्यांनी बालकांच्या वाणीचा अभ्यास केला आहे त्यांनी दाखविले आहे की, अर्भक जन्मतःच आईच्या भाषेची लय ओळखते, कारण गर्भात असताना ती त्याच्या कानी पडलेली असते. पहिल्या काही महिन्यांत ते परक्या भाषांतील ध्वनींचे भेदही जाणते. वर्ष भरत येते तसतशी ही शक्ती नित्य कानी पडणाऱ्या भाषांपुरती उरते. दोन भाषांत वाढणारे मूल एका वाक्यात दोन्हींचे शब्द मिसळते, हे गोंधळाचे लक्षण नव्हे. एका भाषेतील त्याचे शब्द थोडे कमी दिसतात. परंतु दोन्हींची बेरीज केली तर ते सहसा कोणाच्या मागे नसते. तेव्हा जे वाढावयाचे ते लवकर वाढावे, आणि ज्याचे त्याने वाढावे.

तरीपण सगळेच वाढावे असे नाही. संस्कृतीच्या नावाखाली काय काय चालते हे आम्ही सर्व जाणतो. सहा महिन्यांपर्यंत बाळास आईच्या दुधावाचून घुटी, पाणी काही नको, आणि वर्षाच्या आत मध चाटविणे धोक्याचे, असे वैद्यकशास्त्र सांगते. मग ती चाल इकडच्या आजीची असो वा तिकडच्या, ती प्रेमाने पण निश्चयाने बंद केली पाहिजे. जातीचा अभिमान, रंगाचा अभिमान, मुलगी झाली म्हणून पडलेली तोंडे, ही कोणत्याही कुळाची ठेव नव्हेत. ज्या रीतीने लेकराच्या देहास वा आत्म्यास अपाय होत नाही ती राखावी. जिने होतो ती दोन्ही घरांनी सोडावी.

परंतु येथे एक पाश आहे, आणि उपदेशक बंधूंनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे. आपली सवय व प्रभूची आज्ञा ह्यांतील भेद ओळखणे फार कठीण असते. पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. त्या मराठी ब्राह्मण. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली कायस्थ गृहस्थांशी विवाह केला. १८८१ साली मनोरमा जन्मली आणि पुढल्याच वर्षी पती वारले. १८८३ साली त्या लेकरासह इंग्लंडास गेल्या. तेथे वांटेज गावी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला, आणि मनोरमेच्या बालपणाचा बराच काळ तेथील भगिनींच्या सांभाळात गेला. बाप बंगाली, आई मराठी, सांभाळ इंग्रजी. असे हे तीन घरांचे लेकरू.

रमाबाई व भगिनी जेराल्डीन ह्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली छापून प्रसिद्ध झाला आहे. मुलीस कोणत्या वळणाने वाढवावे ह्याविषयी दोघींचा तीव्र मतभेद त्यांत दिसतो. रमाबाईंनी मांसाहार वर्ज्य ठेवला, तो जेराल्डीनबाईंस जुन्या जातिगर्वाचा अवशेष वाटला. रमाबाईंस मात्र आपल्या देशबांधवांपासून दूर जावयाचे नव्हते. आपली मुलगी त्यांच्यात परकी वा वरचढ न होता त्यांच्यातलीच होऊन राहावी, अशी त्यांची इच्छा होती. दोघीही प्रार्थनाशील होत्या, दोघींचेही त्या लेकरावर प्रेम होते. म्हणूनच हे उदाहरण आम्हांस विचार करावयास लाविते. ज्याने प्रेमाने दुसऱ्याचे लेकरू सांभाळिले त्याच्या हातूनही आपल्या घरच्या चालीस धर्माचे नाव दिले जाऊ शकते. मिशनरी असो, सासू असो, पाळक असो, हा मोह कोणास सुटला आहे?

मनोरमा पुढे इंग्लंडात व अमेरिकेत शिकूनही आईच्या कामात परत आली, आणि केडगावच्या मुक्तिसदनात तिचा उजवा हात झाली. दोन्हीकडचे जे मिळाले ते तिने अनाथ व अंध स्त्रियांच्या सेवेस लाविले. १९२१ साली ती वारली, आणि पुढल्या वर्षी रमाबाईही गेल्या.

कोणी म्हणेल, नहेम्याने तर अशा घरांवर कोप केला. होय; तेराव्या अध्यायात सांगितले आहे की त्या मुलांपैकी कित्येक अश्दोदी बोलत आणि त्यांस यहुदी भाषा येत नव्हती. तेथे मूर्तिपूजेचे भय होते, ते येथे नाही. परंतु त्या मुलांच्या विषयीचा बोल नीट वाचा: त्यांस दोन भाषा येत होत्या म्हणून तो रागावला नाही, एक येत नव्हती म्हणून रागावला. उलट तीमथ्य पाहा. आई यहुदी, बाप हेल्लेणी. आजी लोईस व आई युनीके ह्यांनी त्यास बालपणापासून शास्त्र दिले, आणि दोन्ही लोकांत ज्याचे पाऊल आहे असा तो तरुण पौलाच्या प्रवासात किती उपयोगी पडला! त्याच्या आजीने, हा हेल्लेण्याचा मुलगा, ह्यास शास्त्र कशाला, असे म्हटले असते तर?

आता मंडळीविषयी दोन शब्द. अशा लेकराच्या चेहऱ्यावरून, नाकडोळ्यांवरून त्यास ‘चिनी’ म्हणून चिडविणारी मुले आमच्या रविवारच्या शाळेतही आढळतात. आणि मोठी माणसे ते ऐकून हसतात. ही थट्टा लहान नव्हे. २०१२ सालच्या ऑगस्ट महिन्यात केवळ अफवांमुळे ईशान्येकडील हजारो माणसे बंगळूर व पुणे अशी शहरे सोडून आगगाड्यांनी घरी पळाली. वर्षानुवर्षे ज्यांस परके म्हटले, त्यांस एका अफवेने आपण परके आहोत असे वाटले ह्यात नवल काय? जी मंडळी बाप्तिस्म्याच्या वेळी लेकराचा स्वीकार करते तिने त्याचा चेहराही स्वीकारला पाहिजे.

म्हणून आमचे मत असे आहे. हे लेकरू कोणाचे, ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर, देवाचे. आईबाप कारभारी मात्र आहेत. दुसरे उत्तर, दोन्ही घरांचे, आणि अर्धे अर्धे नव्हे, तर प्रत्येकाचे पुरते. प्रत्येक घराने, दुसऱ्याने वाढले असेल असे न समजता, जणू आपणच एकटे आहो अशा काळजीने त्यास आपली भाषा, आपली गाणी, आपल्या पूर्वजांच्या विश्वासाची हकीगत द्यावी. बापाने मराठीत प्रार्थना करावी, आईने मिझो भाषेत. आणि एकाने दुसऱ्याची प्रार्थना लेकरासमोर आदराने ऐकावी, शक्य तर शिकावी. पाहुणा उपाशी राहतो, कारण त्याचे ताट कोणत्याच घरी मांडलेले नसते. लेकरू पाहुणा नव्हे. त्याचे ताट दोन्ही घरी मांडून ठेवा.