दारावरची पाटी

वाचन: १ करिंथ १४:१६-२५, इफिस २:११-२२



यरुशलेमच्या मंदिराच्या अंगणात एक कठडा होता. त्यावर दगडी पाट्या होत्या: परक्याने इथून पुढे येऊ नये, आला तर मरण. त्यातली एक १८७१ मध्ये सापडली. ती आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. ती ग्रीक भाषेत आहे, म्हणजे ज्याला अडवायचं त्याला नीट कळावी म्हणून! अडवायला एवढी काळजी. बोलवायला आपण तेवढी घेतो का?

आज नवा माणूस चर्चच्या दारात येण्याआधी मंडळीची वेबसाइट बघतो. तिथे असतं काय? पाळकसाहेबांचा संदेश, कमिटीची नावं, महोत्सवाचे फोटो. 'आगमनाचा दुसरा रविवार' आपल्याला कळतो, त्याला नाही. त्याचे प्रश्न साधे असतात. उपासना किती वाजता, मराठीत की इंग्रजीत? मी ख्रिस्ती नाही, तरी चालेल का? लेकरू रडलं तर? प्रभुभोजनाच्या वेळी मी काय करायचं? दानाची थैली पुढे आली तर?

कोणी म्हणेल, ही तर जाहिरात झाली. देव ज्याला बोलावतो तो येईलच. पण करिंथच्या मंडळीत आत्म्याची कृपादानं भरपूर असतानाही पौलाला काळजी कोणाची? ज्याला बोलणंच समजत नाही, तो आमेन कसा म्हणणार, याची. समजेल असं बोलणं त्याला कमीपणाचं वाटलं नाही.

जाहिरात आपलं रूप सजवते. पाहुणचार समोरच्याची भीती घालवतो. म्हणून चाळीस जणांच्या मंडळीने नाताळच्या गर्दीचा फोटो लावून कोणाला ओढू नये. 'आम्ही चाळीस जण आहोत, प्रभुभोजनाला तुम्ही जागेवरच बसून राहिलात तरी हरकत नाही', एवढं खरं लिहिलं तरी पुरे. आणि 'सर्वांचे स्वागत' लिहून रविवारी कोणी त्याच्याशी बोललंच नाही, तर ती खोटी साक्ष ठरते.

आज आपल्या मंडळीचं पान उघडा आणि परक्याच्या नजरेने वाचा. ख्रिस्ताने वधस्तंभावर पाडलेली भिंत आपण न सांगितलेल्या गोष्टींनी पुन्हा उभी तर करत नाही ना?

प्रार्थना: हे प्रभू, आम्हीही एकदा परके होतो, तू आम्हांला जवळ आणलंस. दाराबाहेर घुटमळणारा आम्हांला दिसू दे. आमेन.