केसपेपरवरचा ‘सल्ला दिला’

‘पेशंट ऐकतच नाही’ हे कारण यापुढे माझ्यासमोर कुणी सांगायचं नाही. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे केसपेपर मी वाचले. एकामागून एक तीच ओळ : ‘आहार, व्यायाम, व्यसन याबद्दल सल्ला दिला.’ कोणता दिला? त्यावर समोरचा माणूस काय म्हणाला? महिन्यानं तो परत आला तेव्हा काय बदललं होतं? कशाचाच पत्ता नाही. याला उपचार म्हणत नाहीत, हात झटकणं म्हणतात.

शुगर वाढलेल्या बाईंना तुम्ही सांगितलंत, रोज पहाटे तासभर फिरायला जा. कुठे जाणार त्या? घराला लागून ऊस, उसात बिबट्या. शिरूरच्या कितीतरी गावांत अंधार पडला की माणसं पोरांना अंगणातसुद्धा एकटं सोडत नाहीत. हे तुम्हाला माहीत नव्हतं असं म्हणू नका, बातम्या तुम्हीही वाचता. दुपारी मंदिराच्या आवारात चौघीजणी मिळून अर्धा तास चालतील का, एवढं विचारायला किती वेळ लागला असता? आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं पुरतं. ती पहाटेच चालली पाहिजेत असा नियम कुठल्याही पुस्तकात नाही.

कुरकुंभच्या कारखान्यात पाळ्या करणाऱ्या माणसाला तुम्ही ‘जेवणाच्या वेळा पाळा’ म्हणालात. या आठवड्यात त्याची रात्रपाळी, पुढच्या आठवड्यात दिवसपाळी. रात्रीच्या जेवणानंतरची गोळी तो कधी घेतो, डब्यात काय नेतो, झोप टाळायला किती चहा पितो, त्यात साखर किती, यातलं एकही तुम्हाला सांगता आलं नाही. ज्याचा दिवस तुम्हाला ठाऊक नाही, त्याच्या दिवसात बदल कसा सुचवता?

आता तंबाखू. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलंत, बाईंनी मान हलवून ‘नाही’ म्हटलं, तुम्ही फुली मारून मोकळे झालात. त्या खोटं बोलल्या नाहीत. रोज सकाळी दातांना मिश्री लावतात, पण मिश्रीला त्या तंबाखूत धरतच नाहीत. ‘मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा?’ असं विचारायला हवं होतं. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी जवळपास चौथा हिस्सा धूरविरहित तंबाखू वापरत होता. तुमच्या केसपेपरांवर मात्र बायकांपैकी एकही नाही! आणि त्यांना मिश्री सोडवत का नाही, तेही विचारा. ‘लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ असं उत्तर येईल. मग आधी पोटाचं बघा. ‘कॅन्सर होईल’ म्हणून दरडावणं सोपं आहे, पण दरडावलेली बाई पुढच्या वेळी येत नाही.

दौंडकडे गुऱ्हाळं आहेत, घरोघरी गूळ आहे. ‘साखर बंद केली, आता गुळाचाच चहा घेतो’ असं पेशंट अभिमानानं सांगतो आणि तुम्ही मान डोलावता. गुळानंही रक्तातली साखर वाढते, हे त्याला कोण सांगणार?

बारीक माणूस दिसला की तुम्ही मधुमेहाचा विचारच सोडून देता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच जिल्ह्यातल्या खेड्यांत बाळांची मोजमापं घेतली. बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं 3.5. तरी आपल्या हडकुळ्या बाळांच्या अंगात चरबी त्या मानानं जास्त होती. बारीक दिसणाऱ्या अंगातही चरबी असते आणि मधुमेह होऊ शकतो, हा पुण्याजवळच्या गावांनी जगाला शिकवलेला धडा पुण्याजवळच शिकलेल्या तुम्हाला आठवू नये?

सवयी बदलत नाहीत, असंही मला ऐकवू नका. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांवर चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी केलेला अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी शेकडा 55 जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार-व्यायामासाठी ज्यांचा सतत पाठपुरावा केला, त्यांच्यात हे प्रमाण 39 होतं. हा फरक गोळीनं पडलेला नाही. पुन्हा पुन्हा बोलावून, फोन करून, विचारपूस करून पडलेला आहे. तुमच्या त्या एका ओळीत नेमकं हेच नाही.

शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात काम उभारलं, ते गावातल्याच माणसांना आरोग्याच्या कामासाठी तयार करून. कुणाच्या घरात काय शिजतं, कोण कुणाचं ऐकतं, हे त्यांना ठाऊक होतं. तशी माणसं आज तुमच्या हाताशी आहेत, आशाताई. त्यांच्याकडून तुम्ही फक्त फॉर्म भरून घेता. ‘या घरात मीठ कोण टाकतं?’ हे त्यांना विचारलंत कधी? पेशंट सासरा आणि स्वयंपाक सुनेचा असेल, तर सासऱ्याला ‘मीठ कमी करा’ सांगून काय उपयोग? सुनेशी बोला. ताटात लोणचं, पापड, ठेचा तिन्ही असतात. त्यातलं काय कमी करता येईल ते तिलाच ठरवू द्या.

तुमची ओपीडी भरलेली असते, मला माहीत आहे. पाच मिनिटंच मिळतात ना? मग त्यातली पहिली तीन ऐकण्यात घालवा. एका भेटीत एकच सवय धरा. ती कोणती, हे पेशंटनं ठरवायचं. तो ‘दोन पुड्यांची एक करतो’ म्हणाला तर ‘पूर्ण सोडा’ म्हणून त्याचा उत्साह मारू नका. एकीवर आला की पुढचं बोला. घसरला तर ओरडू नका, कशामुळे घसरला ते विचारा.

सोमवारपासून ‘सल्ला दिला’ ही ओळ बंद. तिच्या जागी पेशंटनं स्वतःच्या तोंडानं काय कबूल केलं, ते त्याच्याच शब्दांत लिहा आणि पुढची तारीख टाका. त्या तारखेला तो आला नाही, तर संध्याकाळच्या आत त्याला फोन गेला पाहिजे. तुम्ही फोन केलात की नाही, हे मी त्याच्या घरी जाऊन विचारणार आहे.