अकराव्या तासाचे कामकरी



मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. तो धनी दिवसातून पाच वेळा बाजारात जातो. सूर्यास्ताला जेमतेम एक तास उरला असतानाही त्याला तेथे माणसे उभी दिसतात, आणि तो त्यांनाही आपल्या मळ्यात धाडतो. या दाखल्यातील एका शब्दाने गेली अनेक वर्षे मला स्वस्थ बसू दिलेले नाही.

१९९० नंतरच्या दशकात मी अनुवादाच्या कामात नवखा होतो. आमचा मजकूर एका लहानशा छापखान्यात जात असे. तेथे एक वृद्ध जुळारी होते. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. शिशाचे खिळे ते न पाहता खणांतून उचलीत आणि जुळलेल्या उलट्या ओळी सरळ वाचाव्यात तशा वाचीत. एकदा त्यांनी माझे हस्तलिखित पुढे करून विचारले, "भाऊ, या वाक्यात कर्ता कुठे आहे?" कर्ता खरोखरच सुटला होता.

पुढे छापखान्यात संगणक आला. खिळे भंगाराच्या भावाने विकले गेले. मालकाचा खर्च उतरला, आमच्या दुरुस्त्या एका दिवसात होऊ लागल्या, आणि आम्ही देवाचे आभार मानले. मामांचे काय झाले, हे मी विचारले नाही. काही वर्षांनी ते आपल्या घराच्या ओसरीवर बसलेले दिसले. बोलायचे म्हणून मी म्हणालो, "काय मामा, हल्ली रिकामेच का?" ते शांतपणे म्हणाले, "रिकामा नाही भाऊ. कोणी बोलवत नाही, एवढंच."

त्या रात्री मी ग्रीक नवा करार उघडला. बाजारात उभ्या असलेल्या माणसांसाठी मत्तयाने 'आर्गोस' हे विशेषण वापरले आहे. 'एर्गोन' म्हणजे काम. त्यापुढे नकार जोडून हा शब्द झाला. ज्याच्याजवळ काम नाही, तो आर्गोस. परंतु तीताला लिहिलेल्या पत्रात (१:१२) हाच शब्द आळशी या अर्थाने येतो, आणि मत्तय १२:३६ मध्ये माणसांच्या व्यर्थ बोलण्याविषयी येतो. आपल्या मराठीतही असेच घडले आहे. फारसीतून आलेल्या 'बेकार' या शब्दाचा मूळ अर्थ इतकाच, की काम नसलेला. आज आपण निरुपयोगी वस्तूलाही बेकार म्हणतो. काम गेलेला माणूस हळूहळू कामातून गेलेला माणूस ठरतो. यंत्र त्याचे काम घेते; त्याची किंमत मात्र आपली जीभ घेते.

त्या माणसांनी धन्याला दिलेले उत्तर मामांच्या उत्तराहून वेगळे नव्हते: आम्हांला कोणी कामाला लावलेच नाही. धन्याने त्यांच्यावर आळसाचा आरोप ठेवला नाही. त्याने त्यांचे म्हणणे खरे मानले.

वाचकहो, मी यंत्राच्या विरुद्ध बोलत नाही. कुशल हात हे देवाचेच दान आहे, असे निर्गमाचा ३१ वा अध्याय बसालेलाविषयी बोलताना आपणांस शिकवतो. १८११ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार मोडी लिपीत बाहेर पडला, तेव्हा नकला करून पोट भरणाऱ्या लेखनिकांपुढे हेच खिळे नवे यंत्र म्हणून उभे होते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रियांच्या हाती हेच खिळे दिले, आणि रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर त्या स्त्रियांनी छापले. ज्या साधनाने एकाचे काम नेले, त्यानेच दुसरीला मानाने उभे केले. फरक साधनात नव्हता. ते कोणासाठी हाती घेतले, यात होता.

आज वाचकाला संपूर्ण शास्त्र मोबाइलवर विनामूल्य मिळते. ही कृपाच आहे. परंतु २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी लोकांसमोर आले, तेव्हापासून मामांचा प्रश्न माझ्याही दारात उभा आहे. मी ज्या ओळीसाठी सकाळ घालवतो, तिचा कच्चा अनुवाद यंत्र काही क्षणांत पुढे ठेवते. त्यात चुका असतात, पण मामांच्या जागी आलेल्या संगणकाच्याही प्रारंभी चुका होत होत्याच. ओसरीवरची ती जागा आता मला ओळखीची वाटू लागली आहे.

हा दाखला प्रथमतः देवाच्या कृपेविषयी आहे, हे मी विसरत नाही. परंतु ज्याच्यावर कृपा झाली, त्याने धन्याची चाल शिकू नये काय? पाहा, मजुरी वाटताना कारभारी आहे. बाजारात मात्र धनी स्वतः जातो. आणि शेवटी आलेल्यालाही तो एक दिनार देतो. ती एका दिवसाची मजुरी होती, आणि घरची चूल तासांच्या हिशोबाने पेटत नाही. मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, कारण त्याचे चित्त तिच्याकडे लागलेले असते, हे अनुवाद २४:१५ मधील नियमशास्त्र त्या धन्याला ठाऊक होते.

तुम्ही व्यवसाय करीत असाल, तर यंत्राची किंमत ठरवताना जे हात थांबणार त्यांचीही गणती करा. त्यांना वेळेवर सांगा, नवे काम शिकवा, देणे राहिले असेल ते द्या. तुम्ही तरुण असाल, तर उपासनेनंतर मंडळीतील वृद्धांजवळ अर्धा तास बसा. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला देताना, कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला पुष्कळदा ओळखता येत नाहीत. तुम्ही तरी ते हात ओळखा. आणि तुमचेच काम गेले असेल, तर हे ऐका: बाजाराने बोलावले नाही, म्हणून तुम्ही टाकाऊ झाला नाही. धनी अजून बाजारात येतो.

मामा आता प्रभूकडे गेले आहेत. त्यांची क्षमा मागायची राहिली. मात्र मत्तयाच्या या अध्यायावर काम करताना 'रिकामे' हा शब्द लिहायला माझी लेखणी आजही थांबते. तुमच्या ओसरीसमोरही कोणी बसलेला असेल. त्याला रिकामा म्हणण्यापूर्वी विचारा, त्याला कोणी बोलावले आहे काय?

ज्या प्रभूने स्वतः सुताराचे काम केले, तो आपणांस तसे डोळे देवो. आमेन.