पेटीत कोण राहिले?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. चित्रकलेचा तास होता. बाहेर पाऊस असा लागला होता की शाळेच्या मैदानाचे तळे झाले होते, आणि वर्गातली पोरे कागदापेक्षा खिडकीकडेच अधिक पाहत होती. त्यांना कशात तरी गुंतवावे म्हणून मी त्यांना संगणकाच्या खोलीत नेले आणि शंभर वर्षांपूर्वीच्या एका मूक चित्रफितीचा तुकडा लावला. हलत्या शरीराची रेषा कशी पकडावी हे त्यांना दाखवावे, एवढाच माझा हेतू होता.

त्या तुकड्यात एक ठेंगणा, दणकट माणूस उंच इमारतीवरून उलटा टांगलेला दिसतो. पाय वर, डोके खाली. अंगात जाड कॅनव्हासचा बंद अंगरखा. पूर्वी वेड्यांच्या इस्पितळात अनावर रोग्याला असा अंगरखा चढवीत. बाह्यांची टोके शिवलेली, हात छातीवर घडी घालून पाठीमागे पट्ट्यांनी आवळलेले. खाली रस्त्यात टोप्यांचा समुद्र उसळलेला. तो माणूस गळाला लागलेल्या माशासारखा तडफडतो, वाकतो, पिळवटतो. आणि पाहता पाहता तो अंगरखा गळून खाली पडतो. मग तो दोन्ही हात पसरून तसाच उलटा लोंबकळत राहतो.

पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तो थांबल्यावर शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. एरवी हा कधी तोंड उघडत नाही. तो म्हणाला, "सर, ह्यो सुटला ते दिसलं. पण वर दोरी कोण धरून हुतं?"

सारा वर्ग हसला. मीही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. मी उठलो, आणि तोच तुकडा एकेक चित्र पुढे सरकवीत पुन्हा पाहिला. माणूस दिसतो, गर्दी दिसते. दोरी मात्र पडद्याच्या वरच्या कडेशी जाऊन संपते. तिच्या पलीकडे कोण आहे, ते कॅमेऱ्याला दाखवावेसे वाटलेले नाही.

हा माणूस म्हणजे हॅरी हुडिनी. १८७४ साली बुडापेस्टमध्ये एका ज्यू धर्मोपदेशकाच्या घरी जन्मला, लहानपणीच अमेरिकेत गेला, आणि बेड्या, साखळदंड, तुरुंगाच्या कोठड्या यांतून सुटून दाखविण्याच्या कलेत त्याने जगभर नाव केले. १९२६ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी तो वारला. आपल्या खेळांची चित्रे घ्यावीत हे त्याला फार लवकर उमगले होते. १९०७ साली रोचेस्टर गावी हातात बेड्या घालून त्याने पुलावरून पाण्यात उडी घेतली, तिचीही चित्रफीत आहे.

मी प्रथम शोधीत होतो ती युक्ती. चोरकप्पा कुठे, खोटे बक्कल कोणते! पण चित्र जितके हळू चालवावे तितके रहस्य कमी आणि कष्ट जास्त दिसतात. अंगरखा चढविताना छाती फुगवून थोडी ढील मिळवायची. मग सारे बळ लावून एक हात डोक्यावरून पुढे आणायचा. बाहीची बक्कले दातांनी सोडवायची आणि पाठीवरची कॅनव्हासच्या आडूनच बोटांनी चाचपडून उघडायची. यात फसवणूक जवळजवळ नाहीच. आहे ती मेहनत.

आणि फसवणूक असली, तरी तीत मला मोठे पाप दिसत नाही. आपले दादासाहेब फाळके आपले नाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' म्हणून जादूचे खेळ करीत. 'लंकादहन' या त्यांच्या १९१७ सालच्या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके नावाच्या एकाच नटाने केल्या होत्या. म्हणून कोणी फाळक्यांना लबाड म्हणत नाही. 'मी तुम्हांला फसविणार आहे' असे आधी सांगून जो फसवितो, तो आपल्याशी एक करारच करीत असतो. हुडिनी हा करार जाणत होता. म्हणूनच मृतात्म्यांशी बोलतो असे सांगून शोकग्रस्तांना लुबाडणाऱ्यांचे पितळ त्याने आयुष्याच्या उत्तरार्धात जागोजाग उघडे पाडले. त्यांची करामत तीच, पण त्यांनी तो करार केलेला नव्हता.

मग माझ्या मनाला टोचत होते ते काय? त्या मुलाची ती दोरी!

हुडिनीचा अगदी आरंभीचा गाजलेला खेळ पेटीचा. त्याचे हात बांधून त्याला पोत्यात घालीत, पोत्याचे तोंड बांधून ते पेटीत ठेवीत, पेटीला कुलूप लावीत. जोडीदार पडदा ओढून घेई, तीन टाळ्या वाजत, आणि पडदा उघडून बाहेर येई तो हुडिनी! पेटी उघडावी, तर पोत्यात बांधलेला जोडीदार सापडे. लोक सुटलेल्याकडे पाहून टाळ्या वाजवीत. पण या खेळाचा नीट विचार केला म्हणजे ध्यानात येते की, इथे एकट्याने कोणी सुटतच नाही. एक बाहेर येतो तेव्हा दुसरा आत गेलेला असतो.

हा दुसरा सुरुवातीला कोण होता? त्याचा धाकटा भाऊ थिओ. 'हुडिनी बंधू' असेच त्या खेळाचे नाव होते. १८९४ साली हुडिनीचे लग्न झाले आणि पेटीतली भावाची जागा पत्नीने, बेसने घेतली. अंगरख्यातून पडद्याआड न सुटता लोकांच्या डोळ्यांदेखत सुटावे, हेही त्या भावालाच आधी सुचले, असे सांगतात. जगाने लक्षात ठेवला तो मात्र एकच हुडिनी.

इथवर मी त्याला दोष देणार नाही. रंगमंचावर सगळ्यांनाच पुढे उभे करता येत नाही. पण १९१९ सालच्या 'द ग्रिम गेम' या त्याच्या चित्रपटाची हकीकत वेगळी आहे. एका विमानातून दोरीने लोंबकळत दुसऱ्या विमानात उतरायचे, असा त्यात प्रसंग होता. चित्रण चालू असताना दोन्ही विमाने आकाशात खरोखरीच एकमेकांवर आदळली. दैवाने सारे वाचले. तिसऱ्या विमानातला कॅमेरा चालूच होता. तो अपघात तसाच चित्रपटात ठेवून कथानक त्याला जुळवून घेतले. हा अपघात खोटा असल्याचे जो सिद्ध करील त्याला एक हजार डॉलर देऊ, असेही हुडिनीने जाहीर केले. ते बक्षीस देण्याची पाळी येणारच नव्हती, कारण अपघात खरा होता. खोटा होता तो दोरीवरचा माणूस! तिथे हुडिनी नव्हताच. तो जमिनीवर होता. दोरीला लोंबकळत होता रॉबर्ट केनेडी नावाचा एक कसरतपटू. 'मीच तो' असे हुडिनी मात्र सांगत राहिला. तो चित्रपट पुढे कित्येक वर्षे हरवल्यासारखाच होता. एका वृद्ध हातचलाखी-खेळाडूने त्याची प्रत जपून ठेवली होती, म्हणून दुरुस्त होऊन तो २०१५ साली पुन्हा लोकांसमोर आला.

ज्या माणसाला बेडी अडकवू शकली नाही, त्याला हे एवढे एक वाक्य का सुटू नये? 'तो मी नव्हे, केनेडी होता.'

आम्हा कोल्हापूरकरांना हे अधिक लागते, याला कारण आहे. पन्हाळा आमच्या उशाशी आहे. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज आषाढातल्या पावसात निसटले, तेव्हा दुसऱ्या पालखीत महाराज म्हणून बसला तो शिवा काशिद. नेबापूरचा, जातीने न्हावी, असे परंपरा सांगते. तो पकडला गेला आणि मारला गेला. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभू पडले. महाराजांची आणि एका खेळवाल्याची तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण आमच्या मातीने ती कथा कशी जपली आहे, हे पाहण्यासारखे आहे. पन्हाळ्याला गेले की शिवा काशिदाची समाधी दिसते. ती सुटका सांगायची तर पालखीतल्या माणसाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाताच येत नाही. त्या नावाने महाराजांचा मोठेपणा तसूभर कमी झालेला नाही; उलट असा माणूस ज्याच्यासाठी पालखीत बसला तो राजा केवढा, असेच आपल्याला वाटते.

कोणी म्हणेल, केनेडीला त्याचा मेहनताना मिळाला, मग बाकी काय उरले? दोरी धरणाऱ्यांनाही मजुरी मिळालीच असेल. खरे आहे. पण मजुरीने श्रम विकत घेता येतात, हकीकत विकत घेता येत नाही. दोरीला लोंबकळलो मी, आणि लोकांना सांगायचे तू, हा सौदा कोणत्या पगारात बसतो?

हे सारे मी हुडिनीसंबंधी लिहीत आहे असे वाचकांना वाटत असेल. आता खरे सांगतो.

वडील वारले तेव्हा मी आठवीत होतो, आणि माझा थोरला भाऊ, दादा, दहावीत. दोघांच्या फिया भरणे आईला शक्य नव्हते. एके दिवशी दादाने दप्तर खुंटीला लावले आणि तो उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत कामाला लागला. मी मॅट्रिक झालो, चित्रकलेच्या शिक्षकाची पदविका घेतली, नोकरीला लागलो, कादंबऱ्या लिहू लागलो. तीन वर्षांपूर्वी एका कादंबरीनिमित्त माझा सत्कार झाला. हार, शाल, नारळ, सारे यथासांग झाले. उत्तरादाखल मी बोललो तेव्हा एक वाक्य माझ्या तोंडून निघून गेले: "मी कोणाच्या आधाराशिवाय, स्वतःच्या दोन हातांनी त्या चिखलातून बाहेर आलो." सभागृहात टाळ्या झाल्या. दादा शेवटच्या रांगेत बसला होता. वितळलेल्या लोखंडाच्या ठिणग्यांचे डाग असलेल्या हातांनी तोही टाळ्या वाजवीत होता. घरी येताना म्हणाला, "चांगलं बोललास."

त्याला राग आला असता तर बरे झाले असते.

मी स्वतःची समजूत घातली की दादाला नावाची हौस नाही. ती खरोखरच नाही. पण त्याला हवे की नको हा प्रश्नच नव्हे, हे त्या रात्री मला प्रथम कळले. 'मी एकटा सुटलो' या खोट्याचा मार दादाला बसत नाही. तो बसतो शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाला. तो सकाळी पेपर टाकून शाळेत येतो. घरी त्याच्यापुढे तीन भावंडे आणि मागे कोणीच नाही. मास्तर एकटे सुटले हे ऐकून तो काय शिकेल? सुटता येत नाही तो माझाच दोष, माझ्याच हातांत बळ नाही, एवढेच. त्याची दोरी धरायला कोणीतरी हवे आहे, हे त्याच्याही ध्यानात यायचे नाही, आणि आमच्याही नाही. सुटकेची खोटी गोष्ट अजून बांधलेला असतो त्याला आणखी एक गाठ मारते.

पुढच्या तासाला मी त्या मुलाला उत्तर दिले. हुडिनीची पेटी सांगितली, भाऊ सांगितला, केनेडी सांगितला. मग दप्तर खुंटीला लावणाऱ्या माझ्या भावाचीही गोष्ट सांगितली. वर्ग गप्प होता. तो मुलगा फक्त म्हणाला, "म्हंजी हुतं कोणीतरी." आणि चित्र काढायला खाली बसला.

दादाला सांगणे अधिक कठीण होते. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी तो शिडीवर चढून आकाशकंदील टांगीत होता. मी खाली उभा राहून, चाचरत, सत्काराच्या भाषणाची गोष्ट काढली. या दिवाळी अंकात सारे खरे लिहिणार आहे, असे सांगितले. त्याने तोंडातला खिळा काढला आणि खाली पाहिले.

"लिही की," तो म्हणाला. "पर आधी ही दोरी धर. सोडू नगंस."